बांधावरून लुगेद गेला

१

लुगेद जागेवर नव्हता.

थांबा, आधी हसू नका. लुगेद म्हणजे लासरचा खापरपणजा, कधीचा मेलेला, आणि मेलेला माणूस जागेवरून जाणार कुठे, एवढं मलाही कळतं. पण बांधावरच्या टेकाडावर त्याच्या नावाचा दगड होता ना, माझ्याहून हातभर उंच, कंगोऱ्यावर ओघमच्या, आमच्या जुन्या लिपीच्या, रेघा कोरलेला, त्याला आम्ही दगड कधी म्हटलंच नाही. "लुगेदपाशी मेंढ्या अडव," "लुगेदच्या आडोशाला बसू," असंच बोलायचो. तर त्या सकाळी मी आणि लासर धुक्यातून वर चढलो, आणि टेकाडावर नुसता खड्डा. काळा, ओला. दात उपटल्यासारखा.

लासर खड्ड्याच्या काठाशी बसली. मग म्हणाली, "सारनात, माझं शेत गेलं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

लासर आमच्याकडे वाढलेली. चालायला लागली तेव्हाच तिच्या वडिलांनी तिला माझ्या बाबांच्या हवाली केलं, वाढवा म्हणून. एका काथवटीतलं खाल्लं, एका कांबळ्यात झोपलो, माझ्या बाबांना तीही बाबाच म्हणते. या हिवाळ्यात तिचे वडील गेले. भाऊ नाही. म्हणजे जिवंत असेपर्यंत शेत तिचं. पण ते नुसतं बोलून मिळत नाही ना, बाईनं तिथे शिरून दाखवावं लागतं. आधी मेंढ्या घेऊन टेकाड ओलांडायचं, सोबत साक्षीला बाई. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला जास्त मेंढ्या, कणकेची काथवट, चाळण, आणि न्याय करणाऱ्यासमोर बोट दाखवायचं की हा बघा माझा पूर्वज, इथे उभा आहे, याची मी. दोन खेपा झाल्या होत्या. तिसरी उरली होती. आणि बोट दाखवायला लुगेद नव्हता.

"दुंगल," मी म्हटलं.

दुंगल तिचा चुलतभाऊ. ती शिरली नाही तर शेत त्याचं.

"दुंगलच," मी पुन्हा म्हटलं आणि त्याच पावली त्याच्या घरी निघाले. लासरनं मागून माझी ओढणी धरली.

"नुसती शिव्या देऊन येशील. देर्वालबाईंना बोलाव."

मी देर्वालबाईंकडे गेले. पण शिव्या वाटेत देऊन घेतल्या, सगळ्या.

२

देर्वालबाई तुम्ही बघितल्यात का? बुटक्या, जाड, तोंडात सदा ते समुद्रातलं सुकं लाल शेवाळ चघळत. तीन खोऱ्यांत त्यांचा निवाडा चालतो. मी धापा टाकत सगळं सांगितलं, तर विचारतात काय, "न्याहारी केलीस?"

"बाई, लुगेद गेलाय."

"तो परत भुकेला येणार नाही. तू आहेस भुकेली. खा."

चिडले मी. पण खाल्लं. जवाची भाकरी होती, ताजी.

टेकाडावर आल्यावर त्यांनी खड्डा बघितलाच नाही. सरळ खाली वाकून वाट न्याहाळायला लागल्या. ती वाट म्हणजे आपली नेहमीची, किनाऱ्यावरून शेतांकडे खताला समुद्री शेवाळ ओढून न्यायची. चिखलात बिनचाकी ओढगाडीच्या दांड्यांच्या खुणा पडून वाळल्या होत्या.

"वर जाताना गाडी कशी असते?" बाईंनी विचारलं.

"भरलेली. ओलं शेवाळ, बैलांची जीभ बाहेर येते."

"आणि खाली जाताना?"

"रिकामी."

"मग हे बघ."

बघितलं. वर जाणारे चर खोल होते, ते बरोबरच. पण एक जोडचर तितकाच खोल होता आणि त्यातल्या खुरांची टोकं खाली, समुद्राकडे. कुणीतरी भरलेली गाडी उतारावरून नेली होती. आपल्याकडे खाली काय भरून नेतात? काहीही नाही.

लासर म्हणाली, "समुद्रात टाकला."

मीही तेच समजले. मी खरंच रडायच्या बेतात होते, रागानं. मग बाई म्हणाल्या, "किनाऱ्यावर या दिवसांत कोण होतं?"

"आम्ही दोघीच. पाऊस थांबल्यापासून शेवाळच गोळा करतोय. वाटेच्या तोंडावरच ढीग घातलाय, वाटभर रुंद."

"ढीग मोडलेला होता?"

"नाही."

"त्यावरून गाडी गेली असती तर मोडला असता. म्हणजे गाडी समुद्रापर्यंत आलीच नाही." बाईंनी शेवाळ या गालातून त्या गालात ढकललं. "टेकाड आणि किनारा यांच्या मधे वळायला किती घरं आहेत?"

तीनच. दुंगलचं. क्रूसवाल्या ब्रोकानबुवांचं देऊळ आणि झोपडी. आणि आमचं.

"आमचं सोडा," मी म्हटलं.

बाई वाट उतरायला लागल्या.

३

ब्रोकानबुवांकडे आधी गेलो, आणि दारातच लासर किंचाळली. देवळासमोर नवा दगड उभा. तेवढाच उंच. वर कोरलेला ताजा क्रूस.

"बुवा, माझ्या खापरपणजाच्या पाठीवर क्रूस खोदलात?"

"पोरी, मी कुणाच्या पाठीवर काही खोदत नाही. हा किनाऱ्यावरचा आहे. पाऊस लागायच्या आधीच एकट्यानं लोळवत आणलाय, विचार माझ्या पाठीला."

"तुम्हीच म्हणत होतात, ती जुनी नावं पुसायला हवीत."

"म्हणतो. अजूनही म्हणतो. पण तोंडानं म्हणतो, छिन्नीनं नाही."

मला त्यांचा काही विश्वास वाटला नाही. गेल्याच महिन्यात भर देवळात त्यांनी लुगेदला 'अडाणी काळाचं खोड' म्हटलं होतं, आणि मी उठून चालती झाले होते. पण देर्वालबाईंनी त्या दगडावरून हात फिरवला, सगळीकडून, आणि मला म्हणाल्या, "तू फिरव."

फिरवला. गोल. अंड्यासारखा गोल, लाटांनी घासलेला. कंगोरा कुठेच नाही. ओघम कोरायची तर धारदार कंगोरा लागतो, त्या धारेच्या अल्याडपल्याडच रेघा बसतात. हा लुगेद असूच शकत नव्हता.

"बैल आहेत तुमच्याकडे, बुवा?"

"माझ्याकडे एक मांजर आहे," बुवा म्हणाले. "तेही माझं ऐकत नाही."

मग दुंगल. तो अंगणात पाय पसरून बसला होता, आणि आम्हाला बघून उठलासुद्धा नाही. बाई आल्या तरी उठला नाही, बघा.

"शोधा ना," म्हणाला. "गोठा बघा, गवत उपसा. अंथरुणाखाली बघायचं असेल तर सारनातला पाठवा, तिला तसंही सवय करायला हवी."

त्याला माझ्याशी लग्न करायचंय, म्हणून ही मस्करी. बाबांना स्थळ पसंत होतं, फक्त त्यांचं म्हणणं, दुंगलकडे थोडं अजून शेत असतं तर. मी त्याला म्हटलं, "तुझ्या अंथरुणात दगडच शोभेल, तोच तुझ्याशेजारी गप्प पडून राहील."

लासरला त्या सगळ्यात हसू आलं. दुंगललाही आलं. त्यानं माझा राग दुप्पट झाला.

"बैलजोडी कुणाकडे होती?" बाईंनी विचारलं.

आमची सावड आहे त्याच्याशी. एक बैल आमचा, एक त्याचा, मिळून जोडी. त्याची पाळी आली की जोडी त्याच्या गोठ्यात, आमची आली की आमच्या. पंचक्रोशीत या वर्षी दुसरी जोडीच नाही.

"माझ्याकडे होती," दुंगल म्हणाला. "माझीच पाळी होती. मग? बैल असले म्हणजे दगड चोरला? लासरबाई, दगड नव्हताच कधी तिथे. तुझ्या बापाला पिऊन दिसायचा."

लासर त्याच्या अंगावर धावली. मी तिला धरलं नाही. बाईंनी धरलं.

आम्ही सगळं उपसलं. गोठा, गवत, उकिरडा, मागची विहीर. दगड नाही. आणि दुंगल मजेत, आम्ही शोधताना कुठे गार कुठे गरम म्हणून मुलांचा खेळ खेळल्यासारखा बघत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "यानंच नेला. बैल याचे, फायदा याचा."

"त्याच्याकडे माणसं किती?"

"एक गडी. तोही पाय मोडून पडलाय, आत कण्हत होता, ऐकलंत की."

"एवढा दगड उपटून गाडीवर चढवायला एक माणूस पुरतो?"

नाही पुरत. मला ते माहीत होतं. पण मला दुंगलच हवा होता, कळतंय का? मला तोच हवा होता.

"दुसरा माणूस होता," बाई म्हणाल्या. "चला, तुमच्याकडे. मला भूक लागली."

४

बाबांनी बाईंचं अगदी रीतीनं स्वागत केलं. पाय धुवायला कोमट पाणी, बसायला नवं कातडं. माझे बाबा ऐलिल, तुम्ही त्यांना ओळखता, खोऱ्यात कुणाचं भांडण झालं तर लोक म्हणायचे ऐलिलच्या शब्दावर सोडू. असा माणूस.

"भयंकर झालं," बाबा म्हणाले. "बैलजोडी दुंगलकडे होती, आणखी काय सांगू. पण खरं सांगायचं तर बाई, त्या दगडावर होतं तरी काय आता? वारा-पावसानं पुसून गेलेलं. मला तर आठवतही नाही काय लिहिलं होतं."

मी बाबांकडे बघितलं. पुसलेलं? मागच्याच महिन्यात मी ते नाव वाचलं होतं. पण मला वाटलं, म्हातारे होत चाललेत.

"सारनात, बाईंना लोणी आण," बाबा म्हणाले. "नव्या भुयारातलं."

ते भुयार बाबांनी वसंतभर खणलं होतं. दूध, लोणी गार राहायला जमिनीखाली लांबट खोली, दगडी भिंती, वर शिळांचं छत. छतापाशी येऊन काम अडलं होतं, एक लांब शिळा मिळत नव्हती. आम्ही किनाऱ्यावर होतो तेवढ्यात ते पूर्ण झालं, वर माती आणि हिरवळसुद्धा चढली. मी आत शिरले, मधे छत एकदम खाली येतं तिथे गुडघ्यांवर रांगले, चाचपडत मडकं घेतलं, आले. बाईंनी भाकरीवर लोणी जाड थापलं, सावकाश खाल्लं. मग म्हणाल्या, "सारनात, मला मेंढ्या दाखव."

मेंढ्या काय बघायच्यात, मला कळेना. गोठ्यामागे गेल्यावर त्यांनी मेंढ्यांकडे पाठ केली.

"पाहुण्याला लोणी कोण आणतं?"

"यजमान. स्वतःच्या हातानं."

"राजा यजमान असला तरी?"

"तरीही. न्याय करणारा पाहुणा असेल तर नक्कीच."

"मागच्या हिवाळ्यात तुझ्या बाबांनी मला स्वतः आणून दिलं होतं. गुडघे सुजलेले असताना. आज तुला पाठवलं."

"भुयार बुटकं आहे. रांगावं लागतं."

"स्वतः खणलेलं. खणताना रांगले नाहीत का?"

मला एकदम आठवलं, छत झाल्यापासून बाबा एकदाही आत गेले नव्हते. आई जाते. मी जाते. लासर जाते.

बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मेलेल्याच्या नावाखालून कोण जात नाही, सारनात?"

हे तर लहान मुलालाही माहीत असतं. "ज्यानं त्याचं काही खाल्लंय तो. मेलेला त्याला धरतो."

"आणि ज्यानं खाल्लं नाही?"

"त्याला काही होत नाही."

"तू आत्ता रांगून आलीस. काही झालं?"

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या घरचं लोणी खाऊन माझ्या बाबांना चोर म्हणताय."

"मी काहीच म्हटलेलं नाही. तू जा आणि हात वर कर. तिथे काही नसेल तर मी तुझ्या बाबांची माफी मागेन, सगळ्यांसमोर."

मी गेले. त्यांनी माफी मागावी म्हणून गेले, खरं सांगते.

५

आत काळोख. दुधाचा आंबट वास. मी रांगत त्या खालच्या शिळेपर्यंत आले, उताणी झाले आणि हात वर केला.

आधी काहीच नाही. नुसता गार, खरखरीत दगड. मी हसलेसुद्धा. मग बोटं शिळेच्या कडेला गेली. कड धारदार होती.

दोन रेघा, धारेच्या एका बाजूला.

मग धारेवरच तीन बारीक खाचा.

मग दोन तिरप्या, धार ओलांडून आरपार.

पुढे मला चाचपायची गरज नव्हती. पण मी चाचपलं, शेवटपर्यंत, एकेक रेघ, कारण मला वाटत होतं की मधे कुठेतरी ते दुसरंच नाव होईल. नाही झालं. लुगेद होता. त्याच्या पोटाखाली मी माझ्या बाबांच्या लोण्याच्या मडक्यांमधे पाठीवर पडले होते. ही अक्षरं मला बाबांनीच शिकवली होती, शेकोटीशी बसवून, माझ्या नडगीची धार म्हणजे दगडाचा कंगोरा, तिच्यावर त्यांची बोटं आडवी ठेवून.

बाहेर आले तेव्हा बाबा भुयाराच्या तोंडाशी उभे होते. बाई आणि लासर थोड्या मागे. बाबांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं.

"फोडला नाही मी त्याला," बाबा म्हणाले. "दुंगल म्हणत होता फोडू, समुद्रात टाकू. मी नाही म्हटलं. एक रेघ खराब होऊ दिली नाही."

"लासरचं शेत," मी म्हटलं.

"शेत तुझ्याकडेच येणार होतं गं. दुंगलला ते मिळालं की तुमचं लग्न. लासरला काय, मी आहे की. ती आपल्याच घरात राहिली असती. तुझ्यासाठी केलं, पोरी."

ते ऐकलं आणि मला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हातात लोण्याचं मडकंही नव्हतं. माझ्यासाठी. म्हणजे चोरीतही मला वाटेकरी केलं, न विचारता, आणि वर त्या मेलेल्याच्या नावाखालून मलाच रांगायला लावलं. स्वतः घाबरले. मला पाठवलं. आईला पाठवलं. लासरला, तिच्याच खापरपणज्याखालून, स्वतःच्या भाकरीला लोणी आणायला.

"तुम्हाला कळत होतं तो धरेल म्हणून," मी म्हटलं. "म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं."

लासर पुढे आली. मला वाटलं ती बाबांना मारेल. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी मागितलं असतं तर तुम्ही मला काय दिलं नसतं? मग मला विचारलं का नाहीत?"

बाबांनी भुयाराच्या तोंडावरची माती पायानं सारखी केली.

मग ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "सारनात. हे इथेच मिटवता येईल. दगड मी परत लावतो. तू जर सगळ्यांसमोर बोललीस तर उद्यापासून माझ्या शब्दाला कुत्रंही विचारणार नाही. कुणाचा जामीन राहता येणार नाही. तुझा बाप आहे मी."

देर्वालबाईंनी तोंडातलं शेवाळ थुंकून टाकलं. "बाईच्या प्रवेशाला साक्ष बाईचीच लागते, ऐलिल. इतर कुठे हिचा शब्द मी मोजणार नाही, कायदाच तसा आहे. इथे मात्र हिच्याशिवाय माझं चालणार नाही. बोलायचं की नाही ते हिनं ठरवावं."

सगळे माझ्याकडे बघत होते. आई दारात येऊन उभी होती, पिठाचे हात तसेच.

मी म्हटलं, "मेंढ्या सोड, लासर."

६

भुयाराचं छत फोडावं लागलं. मडकी फुटली, लोणी मातीत गेलं, कुणी उचललं नाही. लुगेदला गाडीवर घातलं. जोडी जुंपली, तर आमचा बैल दुंगल आणि बाबा सोडून कुणाचं ऐकेना, म्हणून बाबांनाच पुढे चालावं लागलं. सगळं खोरं वाटेच्या दोन्ही बाजूंना. ब्रोकानबुवाही आले, आणि दगड उभा करताना खांदा लावला, हे सांगायला हवं. दुंगल आला नाही. त्याचा बैल मात्र ओढत होता.

लासरनं मेंढ्या टेकाडावरून पार नेल्या. मी काथवट आणि चाळण घेऊन तिच्या मागे. बाईंनी विचारलं आणि मी सांगितलं, खाली चाललेले चर, छताची शिळा, कुणी पाठवलं, कोण गेलं नाही. बाबांचं नाव मी स्पष्ट घेतलं. त्यांच्या बापाच्या नावासकट घेतलं.

"शेत लासरचं," बाई म्हणाल्या.

लोक हलायला लागले. बाई म्हणाल्या, "थांबा. ऐलिल म्हणाला होता या दगडावर काय आहे ते आठवत नाही. त्यानं वाचून दाखवावं. मोठ्यानं."

बाबा लुगेदसमोर उभे राहिले. खालून सुरुवात केली, जशी करायची तशी. बोट दोन रेघांवर ठेवलं, मग तीन खाचांवर. तिसऱ्या अक्षराशी आवाज अडकला. खाकरले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडकले. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी अडले की ते पुढचं अक्षर हळूच सांगायचे ना, अगदी तशी वाट बघत.

मला सगळी रेघन् रेघ पाठ होती.

मी चाळण या हातातून त्या हातात घेतली. लोक वाट बघत राहिले, बैल शेपटी हलवत राहिला, बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं नाही.

शेवटी त्यांना परत दगडाकडेच वळावं लागलं.